होडीतली वीज

(मच्छिमार बांधवांपुढे केलेले भाषण)



पावसाळ्याचे दिवस आहेत. दर्या खवळलेला आहे. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवल्या आहेत. कुठे जाळी दुरुस्त होत आहेत, कुठे इंजिने खोलली आहेत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की होड्या पुन्हा पाण्यात जातील. मग कोणाला सवड मिळणार नाही. म्हणून होडीतल्या विजेबद्दल बोलायला हीच वेळ बरी.

आम्ही बंदरावर वायरिंगची कामे करणारी माणसे. भाषणे करण्याची आम्हाला सवय नाही. आम्ही जे हाताने केले, डोळ्यांनी पाहिले, तेच सांगणार आहोत. त्यात आमची एक चूकही आहे. तीही सांगू. चूक लपवली तर ती दुसऱ्याच्या होडीत पुन्हा होते.

आपल्या आजोबांच्या होडीत वीज नव्हती. शीड होते आणि कंदील होता. आज लहान होडीतही बॅटरी असते. तिच्यावर रात्रीचे दिवे लागतात. पाणी उपसायचा पंप चालतो. वायरलेस, जीपीएस आणि मासे दाखवणारे यंत्र तिच्यावरच चालते. मोबाइलही तिच्यावरच चार्ज होतो. म्हणजे आपला रस्ता, आपला आवाज आणि होडीतले पाणी, तिन्ही गोष्टी त्या एका बॅटरीवर अवलंबून आहेत.

पण कोणाला म्हटले, "दादा, वायरिंग जरा बघून घ्या," तर ते हसतात. म्हणतात, "अहो, बारा व्होल्टची तर वीज! हात लावला तरी झटका बसत नाही. तिला काय भ्यायचे?"

झटका बहुधा बसत नाही, हे खरे. पण आग लागते, हेही तितकेच खरे. आग कशी लागते ते समजून घेऊ.

विजेचे दोन शब्द आपण नेहमी ऐकतो. एक व्होल्ट, दुसरा अँपिअर. व्होल्ट म्हणजे विजेचा जोर. अँपिअर म्हणजे तारेतून किती वीज वाहते त्याचे माप. जोर आणि प्रवाह यांचा गुणाकार केला की वॅट मिळतात. वॅट म्हणजे दिव्याने किंवा यंत्राने घेतलेली शक्ती.

आता एक सोपे गणित करा. ६० वॅटचा दिवा घरात २३० व्होल्टवर लावला, तर त्याला पाव अँपिअरच्या आसपास वीज लागते. तेवढ्याच ६० वॅटचा पंप होडीत १२ व्होल्टवर लावला, तर त्याला ५ अँपिअर लागतात. म्हणजे जवळजवळ वीसपट! जोर कमी, म्हणून प्रवाह जास्त. आणि तार तापते ती प्रवाहाने. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणूनच घरातल्या दिव्याला पुरते तेवढी बारीक तार होडीत पुरत नाही.

आणखी एक गोष्ट. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये पाना आडवा पडला, तर शेकडो अँपिअर वीज एकदम वाहते. पाना लाल होतो. हातात अंगठी असेल तर बोट भाजते. ज्या बॅटरीचा झटका बसत नाही, तिच्यात एवढी ताकद असते.

आता आमची चूक ऐका.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या एका तांडेलांच्या होडीचे वायरिंग आम्ही केले. आम्ही त्यांना काका म्हणतो. बॅटरी इंजिनाजवळ होती. स्विचांची पाटी पुढे केबिनमध्ये होती. बॅटरीपासून पाटीपर्यंत आम्ही एक तार नेली. पाटीवर ओळीने सहा फ्यूज बसवले. दिव्याला एक, पंपाला एक, वायरलेसला एक. काम देखणे झाले. काका खूश झाले. आम्हीही खूश झालो.

पुढच्या हंगामात एका रात्री काकांची होडी पंधरा-सोळा वाव पाण्यात होती. होडीत पाच माणसे होती. जाळे पाण्यात होते. इतक्यात एका खलाशाला जळक्या प्लास्टिकचा वास आला. पाहतात तो इंजिनाच्या खणातून धूर! काकांनी झाकण काढले. आत तार निखाऱ्यासारखी लाल झाली होती. काकांनी पाना घेतला आणि बॅटरीची तार काढून टाकली. तळहात भाजला. जवळ डिझेलची टाकी होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर होडी राहिली नसती. माणसांचे काय झाले असते, ते बोलवत नाही.

आग विझली. पण पाठोपाठ दिवे गेले, वायरलेस गेले, पंपही गेला. इंजिन डिझेलचे होते, ते तेवढे चालू राहिले. तळाला पाणी पाझरत होते. ते बादलीने उपसत उपसत ते परत निघाले. वाटेत एक मोठे जहाज समोरून येताना दिसले. त्या जहाजाला काकांची होडी दिसणार कशी? होडीवर एकही दिवा नव्हता. एक पोरगा हातातली टॉर्च हलवत उभा राहिला. जहाज बाजूने निघून गेले. सकाळी होडी बंदराला लागली.

आम्ही होडीत उतरलो. जळलेली तार हातात घेतली. कारण लगेच सापडले. तार इंजिनाजवळच्या एका लोखंडी पट्टीला टेकत होती. इंजिन थरथरते. रोज थोडे थोडे घासून तारेवरचे वेष्टन गेले. आतले तांबे लोखंडाला लागले. इंजिनाचे लोखंड बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला जोडलेले असते. म्हणजे बॅटरीची दोन टोके एकमेकांना भिडली.

मग फ्यूज का जळला नाही? आम्ही तर सहा फ्यूज बसवले होते! पण ते सगळे पाटीवर होते, तारेच्या पुढच्या टोकाला. बॅटरी आणि पाटी यांच्या मधल्या तारेवर एकही फ्यूज नव्हता. आणि तार जळली ती नेमकी मध्येच.

बागेत पाट असतो. पाटाला दार कुठे ठेवतात? विहिरीजवळ. पाट मध्येच फुटला तर विहिरीजवळचे दार बंद करून पाणी थांबवता येते. दार जर बागेच्या पलीकडच्या टोकाला असेल, तर ते बंद करून काय उपयोग? पाणी मधल्या मध्ये वाहतच राहणार. आम्ही दार चुकीच्या टोकाला बसवले होते.

काका आम्हाला रागावले नाहीत. भाजलेला हात पुढे करून एवढेच म्हणाले, "पोरांनो, आता पुढच्या होडीत तरी नीट करा." त्या दिवसापासून आम्ही काही नियम पाळतो. ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट फ्यूजची. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून एका वितीच्या आत मुख्य फ्यूज हवा. पुढे पाटीवर प्रत्येक कामाला वेगळा फ्यूज हवा. फ्यूज हा आधी तारेचे रक्षण करतो, हे विसरू नका. तार जळण्याआधी फ्यूज जळला पाहिजे. दीड एमएमच्या तारेला १० अँपिअरचा, अडीचच्या तारेला १५ चा आणि चारच्या तारेला २० चा, याहून मोठा फ्यूज आम्ही घालत नाही. यंत्राबरोबर आलेल्या कागदावर याहून लहान फ्यूज लिहिला असेल तर तो लहानच घालावा.

फ्यूज जळला तर तिथे सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घालू नका. खिळा घालू नका. तांब्याची तार गुंडाळू नका. फ्यूज जळला म्हणजे त्याने तुम्हाला हाक मारली. आधी कारण शोधा, मग नवा फ्यूज घाला. चार जादा फ्यूज डब्यात घालून होडीत ठेवा. त्यांना फार पैसे पडत नाहीत.

इंजिन सुरू करायच्या जाड तारेला बहुधा फ्यूज नसतो, कारण तिच्यातून क्षणभर फार मोठा प्रवाह जातो. म्हणून ती तार होईल तितकी आखूड ठेवा. तिच्यावर रबरी नळी चढवा. ती कशालाही घासणार नाही, हे दोनदा पाहा.

दुसरी गोष्ट तारेची. घराच्या भिंतीत जुन्या काळी एकाच जाड कांडीची तार घालत. ती होडीत चालत नाही. होडी हलते, इंजिन थरथरते आणि कांडी मोडते. अनेक बारीक तारांची, तांब्याची वायर घ्या. ॲल्युमिनियमची नको.

पितळेच्या भांड्याची कल्हई गेली की ताक कळकते, हे आपल्या घरातल्या बायकांना ठाऊक आहे. तारेचेही तसेच आहे. उघड्या तांब्याला खारी हवा लागली की हिरवा गंज चढतो. बाहेरून वेष्टन चांगले दिसते, आतून तार काळी-हिरवी झालेली असते. बाजारात कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर मिळते. ती म्हणजे कल्हई केलेली तार! ती थोडी महाग असते. पण खाऱ्या हवेत ती पुष्कळ जास्त टिकते.

तार किती जाड घ्यावी? लांबी मोजा, आणि जाण्याची व येण्याची मिळून मोजा. समजा पंप बॅटरीपासून १० मीटरवर आहे आणि त्याला ५ अँपिअर लागतात. तार जाऊन-येऊन २० मीटर झाली. दीड एमएमची तार घातली तर सव्वा व्होल्टहून अधिक जोर वाटेतच मरतो. पंपाला बारा व्होल्ट मिळायला हवेत, त्याला पावणेअकरा मिळतात. पंप चालतो, पण रडत चालतो. तेवढेच पाणी उपसायला त्याला जास्त वेळ लागतो. सहाची तार घातली तर एक तृतीयांश व्होल्टच वाया जातो. होडीत पाणी भरत असेल तेव्हा हा फरक मोठा असतो.

दिव्यांचेही तसेच. डाव्या बाजूचा लाल, उजव्या बाजूचा हिरवा आणि पांढरा दिवा, हे पाहून समोरचा तांडेल आपली होडी कोणत्या दिशेला चालली ते ओळखतो. तार बारीक असेल तर दिवा मिणमिणतो. मिणमिणता दिवा लांबून दिसत नाही.

तिसरी गोष्ट सांध्याची. दोन तारा पीळ देऊन त्यावर चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे सांधा झाला असे आपण समजतो. होडीत तो सांधा नव्हे. पट्टीचा डिंक उन्हाने सुटतो. खारे पाणी आत शिरते आणि तारेच्या बारीक धाग्यांमधून दिव्यातल्या वातीसारखे वर चढते. सांधा गंजतो, तापतो आणि एक दिवस सुटतो. म्हणून होता होईल तो मध्ये सांधा नकोच. अखंड तार घाला. सांधा करावाच लागला तर योग्य मापाची लग घ्या आणि ती लग दाबायच्या हत्याराने दाबून बसवा. पक्कडीने चेपू नका. नंतर ओढून पाहा. मग तापवली की आवळून बसणारी, आत डिंक असलेली नळी तिच्यावर चढवा. आणि सांधा तळाच्या पाण्याच्या वर, उंच जागी ठेवा.

चौथी गोष्ट तार बांधण्याची. तार लोंबकळू देऊ नका. दर हातभर अंतरावर तिला पकड द्या. फळीतून भोक पाडून तार नेली तर भोकात रबरी कडे बसवा. इंजिन, धुराड्याची नळी आणि तेलाची टाकी यांपासून तार दूर ठेवा. डब्यात तार शिरताना आधी तिला खाली झोल द्या आणि मग खालून वर आत घ्या. म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोलाशी टपकते, डब्यात जात नाही. याला काही खर्च येत नाही.

प्रत्येक दिव्याला आणि यंत्राला दोन तारा न्या, एक जाणारी आणि एक येणारी. परतीची तार वाचवण्यासाठी इंजिनाचे किंवा होडीचे लोखंड वापरू नका. अशी वाट चुकलेली वीज पाण्यातून जाते आणि पंखा व दांडा यांचा धातू खाऊन टाकते.

पाचवी गोष्ट बॅटरीची. बॅटरी खोक्यात ठेवा आणि पट्ट्याने घट्ट बांधा. होडी आडवी झाली तरी ती हलता कामा नये. आम्लाच्या बॅटरीत खारे पाणी शिरले तर क्लोरीन नावाचा विषारी वायू होतो. म्हणून ती तळापासून उंच ठेवा. ती चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. तो हलका असतो, वर जातो आणि ठिणगीने भडकतो. म्हणून खोक्याला वरून भोके हवीत. पेट्रोलची वाफ आणि स्वयंपाकाचा गॅस यांचे उलटे आहे. ते जड असतात आणि होडीच्या तळाशी साचतात. म्हणून खाली तळाच्या खणात उघडा स्विच बसवू नका. वास आला तर आधी झाकणे उघडा, वारा खेळू द्या, मगच बटण दाबा.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्हची तार काढा. जोडताना निगेटिव्हची तार सगळ्यात शेवटी जोडा. म्हणजे पाना चुकून इंजिनाला लागला तरी ठिणगी उडत नाही.

बॅटरीजवळ पण इंजिनाच्या खणाबाहेर, हात सहज पोचेल असा एक मुख्य स्विच हवा. तो असता तर काकांचा हात भाजला नसता. इंजिन चालू असताना हा स्विच उगाच बंद करू नका, डायनामो बिघडतो. पण आग लागली तर विचार करू नका, आधी स्विच बंद करा. विजेच्या आगीवर पाणी ओतू नका, कोरड्या भुकटीचे अग्निशामक वापरा. पाणी उपसायच्या पंपाची तार मात्र मुख्य स्विचच्या आधी, बॅटरीवरून थेट घ्या आणि तिला स्वतःचा फ्यूज द्या. म्हणजे होडी नांगरून तुम्ही घरी झोपलात तरी पंप जागा राहील.

काही होडीत इन्व्हर्टर किंवा जनरेटर असतो. ती वीज २३० व्होल्टची. ती माणूस मारते. ओल्या अंगाला तर ती जास्तच धोक्याची. तिला ३० मिलिअँपिअरचा गळती रोखणारा स्विच हवाच. किनाऱ्यावर रंगकाम करताना घरातून ओढून आणलेल्या वायरलाही तो हवा. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.

आता तपासणी. ही तुम्ही स्वतः करू शकता. सगळे दिवे आणि यंत्रे अर्धा तास चालू ठेवा. मग बारा व्होल्टच्या तारांवरून आणि सांध्यांवरून हात फिरवा. जो सांधा गरम लागेल तो आजारी आहे असे समजा. बॅटरी काही तास स्वस्थ ठेवून मीटर लावा. सुमारे १२.७ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ दिसले तर निम्मी उरली आहे. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास दिसले पाहिजे. तसे न दिसले तर डायनामो किंवा त्याची तार बिघडली आहे.

शेवटची गोष्ट आमच्या मते सगळ्यात मोठी आहे.

त्या रात्री काकांनी तार काढून टाकल्यावर आग विझली. बॅटरी शाबूत होती. पंपही शाबूत होता. पंपाची तार तेवढी बॅटरीला सरळ जोडली असती तर पंप चालला असता. पण पाटीमागे सगळ्या तारा सारख्याच दिसत होत्या. काका आम्हाला नंतर म्हणाले, "टॉर्च धरून अर्धा तास बघत होतो. कुठली पंपाची, कुठली दिव्याची, कुणालाच कळेना. मग बादली घेतली."

तीही आमचीच चूक. कोणती तार कशाची ते आम्हाला ठाऊक होते, पण आम्ही होडीत नव्हतो. आमचे डोके घरी झोपले होते.

बंधूंनो, आता तुम्ही लिहायला शिकला आहात. मग हे काम तुम्हीच करा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एक चिठ्ठी लावा. तिच्यावर पाण्याने न पुसणाऱ्या शाईने लिहा : पंप. डावा दिवा. उजवा दिवा. वायरलेस. प्रत्येक फ्यूजखाली त्याचा आकडा लिहा. एका कागदावर होडीचे चित्र काढा. बॅटरी कुठे, मुख्य स्विच कुठे, तारा कुठून जातात, ते दाखवा. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून केबिनमध्ये टांगा. त्याच कागदावर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबरही लिहून ठेवा. मग घरातल्या धाकट्या पोराला तो कागद वाचायला सांगा. त्याला कळला तर अंधारात, भेदरलेल्या माणसालाही कळेल.

काकांच्या होडीत आता अशा चिठ्ठ्या आहेत. आम्ही नवे वायरिंग केले, त्याचे पैसे घेतले नाहीत. पण चिठ्ठ्या काकांनी स्वतः लिहिल्या. साठी उलटल्यावर ते रात्रीच्या वर्गात बसले आणि अक्षरे शिकले. अक्षर वाकडे आहे, पण वाचता येते. पहिली चिठ्ठी त्यांनी पंपाची लिहिली.

नारळी पौर्णिमेला अजून अवकाश आहे. उद्या सकाळी होडीवर जा. बॅटरीपासून एक वीत मोजा आणि तिथे फ्यूज आहे का, ते पाहा. नसेल तर तो बसवल्याशिवाय होडी पाण्यात लोटू नका.